न खणलेला वाफा

इंदिरानगरच्या घरी कुंपणालगतची काळी चिकट माती दामोदर दरवर्षी स्वतः खणायचे. यंदा त्यांनी तिच्यावर नुसते पुठ्ठे अंथरले आणि वर शेणखत पसरलं.

"न खणताही झाडं येतात. नवीन पद्धत आहे," ते बायकोला म्हणाले.

सुलभाला पटेना. हे नक्की काहीतरी लपवताहेत. ते बाहेर गेल्यावर तिने पुठ्ठा उचकटून पाहिला. खाली ओली माती आणि गांडुळं, बाकी काहीच नव्हतं.

संध्याकाळी तिने कुदळ त्यांच्यापुढे धरली. "माझ्या मोगऱ्यापुरता एक खड्डा करून द्या."

दामोदरांनी हात पुढे केला, पण उजव्या हाताची बोटं दांड्याभोवती आवळलीच गेली नाहीत. कुदळ पायाशी पडली.

"अहो, कधीपासून?"

"दिवाळीपासून," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "तुला कळू नये म्हणून तर ही पद्धत शोधून काढली."