मोकळ्या हवेत

मुलांना सांगायचं ते घरी नको, डोंगरात मोकळ्या हवेत सांगू, असं नवरा-बायकोनं ठरवलं होतं. म्हणून तर हा महागडा तंबू दोन दिवस भाड्यानं घेतला. आत गुबगुबीत पलंग, दारात झोपाळा, समोर दरी. पण सकाळपासून दोघांचाही पाय एका जागी ठरत नव्हता. तो तंबूचे ताणलेले दोर उगाच पुन्हा ताणत होता. ती कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत होती.

"सांग ना आता," ती हळूच म्हणाली.

"त्यांचं खेळून तर होऊ दे."

खेळून झालं, जेवणं झाली, संध्याकाळच्या शेकोटीची लाकडंसुद्धा रचून झाली. शेवटी त्यानं घसा खाकरला. "बाळांनो, इकडे या बरं. आईला आणि मला तुमच्याशी थोडं बोलायचंय."

धाकटा ताईला चिकटून उभा राहिला. तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"बाबा, तुम्ही दोघं वेगळे राहणार, ते आम्हाला कधीचं माहितीये," ती म्हणाली. "फक्त एक बाबांकडे, एक आईकडे, असं आम्हाला वाटून घेऊ नका."