शेवटून दुसरी

डब्याचं दार लागलं तसा एवारिस्तोने पहिला ठोसा बाल्तासारच्या जबड्यावर मारला. दुसरा नाकावर. रक्त थेट काचेवर उडालं.

गोंडोला, म्हणजे तारेवरून डोंगर चढणारे बंद डबे, याच हंगामात सुरू झाला होता. खालून डबा सुटला की वर पोचेपर्यंत नऊ मिनिटं कुणी आत येत नाही, कुणी बाहेर जात नाही. जुन्या उघड्या खुर्च्यांवर हे जमलं नसतं.

"कशाबद्दल, मेव्हण्या?" नाक धरून बाल्तासारने विचारलं.

"सकाळी नेलिदाने चष्मा काढला. कढईच्या वाफेने काच धूसर झाली म्हणून. डोळा उघडत नाहीये तिचा."

"दारावर आपटली ती."

"त्या दाराला पाच बोटं होती."

नेलिदा ही एवारिस्तोची धाकटी बहीण आणि बाल्तासारची बायको. वरच्या स्टेशनातल्या खानावळीत स्वयंपाक करायची. आंदेस पर्वताच्या बर्फात सगळेच काळे चष्मे लावून हिंडतात, त्यामुळे सहा वर्षं कुणाला काही कळलं नाही. सख्ख्या भावालाही नाही. त्या लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्याने बाल्तासारची मान काचेवर दाबली. खाली लोक बर्फावरून स्कीवर मजेत घसरत होते. एका बाईने डब्याकडे बघून हात हलवला.

"ती आज आईकडे चाललीय. कायमची. पुन्हा तिच्या वाटेला जाऊ नकोस."

हे बोलायला नको होतं. रागाच्या भरात तोंडातून गेलं.

बाल्तासार हसला. त्याचे दात लाल झाले होते. "मार, अजून मार. जेवढं मला, त्याच्या दुप्पट तिला. आईकडे गेली तर आईच्या दारात. माझं घर सोडून जिवंत जाणार नाही ती, लिहून ठेव."

"तू आज घरीच पोचणार नाहीस."

"अरे हो, सुरुंगवाला ना तू," बाल्तासार म्हणाला.

डबा वर पोचला. दार उघडलं. बाल्तासारने मूठभर बर्फ नाकाला लावला आणि 'पडलो' म्हणत कामावर गेला. दोघेही डोंगरावरच्या गस्तीवर होते, दोघांच्याही अंगात गस्तीचं लाल जाकीट होतं. कुणी खोदून विचारलं नाही.

एवारिस्तो खानावळीत गेला. नेलिदा कांदा चिरत होती.

"वारा वाढतोय. बाकीच्या बायकांबरोबर उतर आणि आईकडे जाणारी रांकाग्वाची बस पकड."

"आणि हा?"

"त्याचं मी बघतो."

"दादा, भलतंसलतं करू नकोस. तू तुरुंगात गेलास तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"मी फक्त माझं काम करणार आहे."

आणि ते खरंच होतं. बुरो नावाच्या उतारावर दोन दिवसांचा ताजा बर्फ साठला होता. असा बर्फ अंगावर येण्याआधी आपणच पाडायचा असतो. संध्याकाळी डोंगर रिकामा झाला की एवारिस्तो समोरच्या कड्यावरून कळ दाबायचा, माथ्यावर पुरलेला सुरुंग उडायचा आणि अख्खा उतार खाली यायचा.

तीनच्या सुमाराला वाऱ्यामुळे गोंडोला थांबवला. वर अडकलेल्यांना आता स्कीवरूनच उतरणं भाग होतं. बुरोखालचा पट्टा एका वेळी एकानेच ओलांडायचा, हा गस्तीचा नियम. बाल्तासार वरून एकेकाला सोडत होता आणि वॉकीटॉकीवर सांगत होता. सगळे गेल्यावर मागून तो स्वतः निघणार होता, एकटा. एवारिस्तोला तेवढंच हवं होतं.

"खानावळीतल्या बायका उतरल्या?" एवारिस्तोने समोरच्या कड्यावरून विचारलं.

"उतरल्या."

एवारिस्तोने सुस्कारा सोडला. बहीण एव्हाना बसमध्ये असेल.

पाऊण तास गेला. उडत्या बर्फातून एकेक ठिपका पट्टा ओलांडत होता. मग वॉकीटॉकी पुन्हा खरखरला.

"शेवटून दुसरी निघाली," बाल्तासारचा आवाज आला.

त्या डोंगरावर 'शेवटची फेरी' असं कुणी म्हणत नाही. म्हटलं की ती खरोखरच शेवटची ठरते, असा समज आहे. म्हणून शेवटच्या फेरीलाही 'शेवटून दुसरी'च म्हणायचं. नवख्याने चुकून तो शब्द काढला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. तीस वर्षांत एवारिस्तोच्या तोंडून तो कधी गेला नव्हता.

"समजलं," तो म्हणाला.

लाल जाकीट पट्ट्यावर आलं. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. बाल्तासार एरवी वाऱ्यासारखा उतरायचा, आज जपून चालला होता. नाक दुखत असेल, एवारिस्तोच्या मनात आलं, आणि त्याला बरं वाटलं. चौकशीत काय सांगायचं ते ठरलेलं होतं: माणूस पार झाला असं वाटलं, वाऱ्यात नीट दिसलं नाही. आयुष्यभर तेवढंच सांगायचं.

जाकीट बरोबर मधोमध आलं तेव्हा त्याने कळ दाबली.

माथ्यावर धूर उठला. उतार आडवा तडकला आणि सगळाच्या सगळा सुटला. खालच्या माणसाने वर बघितलं, पळायला वळला, तोवर बर्फ त्याच्यावर आला होता. लाल जाकीट एकदा वर फेकलं गेलं, हात-पाय भलतीकडे वळलेले. मग आणखी एकदा दिसलं. मग नाही. बर्फ दरीच्या तळाशी जाऊन थांबला.

एवारिस्तो गुडघ्यांवर बसला. त्याला रडू फुटलं. "सुटलीस गं बाई," तो मोठ्याने म्हणाला.

वॉकीटॉकी खरखरला.

"मेव्हण्या, मी वरच आहे अजून," बाल्तासार शांतपणे म्हणाला. "शेवटून दुसरी नेलिदा होती. गारठली होती बिचारी, म्हणून माझं जाकीट दिलं तिला."