डावा कोपरा

"उद्याच्या तपासणीत दिवे धुरकट दिसले, तर गाडी भंगारात!" बायकोने बजावलं. बावीस वर्षांची सोबत अशी कशी सोडणार? पार्किंगमध्ये जाऊन मी कव्हर दिव्यांपुरतं उचललं आणि ओल्या पॉलिशपेपरने घासत बसलो. शेजारचे वकील खुर्ची टाकून देखरेखीला बसले. "काका, डावा कोपरा राहिला." घासला. "पाणी मारा." मारलं. बोटं सोलवटली, कंबर धरली, पण संध्याकाळी दिवे लखलखले. खाली येऊन बायकोने किल्लीचं बटण दाबलं. समोरची गाडी ढिम्म. खांबापलीकडची, तसल्याच कव्हरातली मात्र कुईकुई ओरडली. "काल सांगितलं होतं ना, आपली पलीकडे लावलीय?" बायको कडाडली. "वकीलसाहेब, म्हणजे ही तुमची? सकाळीच का नाही बोललात?" मी खेकसलो. "बोलणार होतो, पण तुमची तंद्री मोडवेना," म्हणत त्यांनी खुर्ची खांबापलीकडे नेली. "आता हिचा डावा कोपरा आधी घ्या."