धर्मेंद्रच्या नावचे हप्ते

गोदाबाईंनी मोबाइल निरंजनच्या हातात दिला आणि मेसेज मोठ्यानं वाचायला सांगितला. त्यांना वाचता येत नव्हतं असं नाही. पण कंपनीच्या माणसाच्या तोंडून ऐकलं की गोष्ट पक्की होते, असं त्यांचं मत होतं.

निरंजननं वाचलं. 'धर्मेंद्रजी, आपल्या पिकअपचा हप्ता मिळाला. धन्यवाद.' दाराशी उभी असलेली त्यांची सून कविता हसली. तेच हसू काढून घ्यायला तो आज लालबागच्या, म्हणजे मुंबईच्या नव्हे, इकडच्या केळीच्या मुलखातल्या लालबागच्या, या दोन खोल्यांत आला होता.

धर्मेंद्र आईशी भांडून गेला, त्याला आता सहा महिने होत आले होते. त्याला बायकोला घेऊन इंदूरला राहायचं होतं, गोदाबाईंना घर सोडायचं नव्हतं. शब्दानं शब्द वाढला आणि 'जा मग, तोंड दाखवू नको' असं त्या बोलून गेल्या. आई असं शंभरदा बोलते आणि संध्याकाळी ताट झाकून वाट बघत बसते. धर्मेंद्रनं दापोऱ्याला केळी भरली, पिकअप देडतलाईच्या जंगलातल्या रस्त्याला लावली, आणि त्यानंतर ना त्याचा पत्ता लागला ना गाडीचा. केळी व्यापाऱ्याकडे पोचलीच नाहीत. फोन बंद. दिवस पावसाचे होते.

निरंजन त्या पिकअपला कर्ज देणाऱ्या कंपनीच्या शाखेचा मॅनेजर. आता ही कर्जाची भानगड जरा समजून घ्यायला हवी. कंपनी गाड्यांना कर्ज देते आणि मग अशा शेकडो कर्जांची मोट बांधून मुंबईच्या गुंतवणूकदारांना विकून टाकते. वसुलीचं काम मात्र आपल्याकडेच ठेवते. एखाद्याचा हप्ता चुकला तर गुंतवणूकदारांना झळ लागू नये म्हणून तो कंपनीच पदरचा भरते आणि गिऱ्हाइकाकडून मागाहून वसूल करते. अट एकच. पैसे परत येण्याची आशा असेल तोवरच भरायचे.

हे पैसे कंपनीनं भरले, असं वेगळं दाखवायचं असतं. गिऱ्हाइकाच्या खात्यात ते जमा करायचे नसतात. धर्मेंद्र गेला आणि आठवड्याच्या आतच त्याच्या हप्त्याची तारीख आली. पोरगा घरी नाही हे निरंजनच्या कानावर आलंच होतं. थकबाकी दिसली की वसुलीवाले त्या दोन बायकांच्या दारात जाऊन बसणार, हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं कंपनीचे पैसे सरळ धर्मेंद्रच्या खात्यात जमा दाखवले. शाखेची थकबाकीही तेवढीच कमी दिसली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जमा पडली की मेसेज आपोआप जातो, हे त्याच्या ध्यानात आलं तोवर मेसेज या घरी पोचला होता. कर्ज घेताना धर्मेंद्रनं घरचाच नंबर दिला होता.

सांगायला म्हणून तो तेव्हाही आला होता. गोदाबाईंनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. पोरगा रागावलाय, पण कुठंतरी धडधाकट आहे, कमावतोय, असं म्हणाल्या. निरंजननं पेढा खाल्ला आणि घरी गेला. पुढच्या महिन्यात त्यानं हप्ता पुन्हा तसाच टाकला, आणि या वेळी मेसेज जाणार हे माहीत असून. एक आई सुखानं दोन घास खातेय, यात कुणाचं काय बिघडलं, अशी तो स्वतःची समजूत घालत राहिला. खरं सांगायचं तर त्याला आपलं थोडं कौतुकही वाटे.

आता मुख्य कचेरीनं विचारलं होतं, या कर्जाच्या वसुलीची आशा आहे की नाही? निरंजननं काल 'नाही' असं कळवलं. पुढचा मेसेज येणार नव्हता. तो का आला नाही म्हणून या बायकांच्या तोंडचं पाणी पळण्याआधी त्याला खरं सांगणं भाग होतं.

"कोनत्या गावातून टाकते तो पैसे, तेवढं सांगा भाऊ," गोदाबाई म्हणाल्या. "तुमच्या कंप्युटरमधी दिसत असंन. मी भांडाले नाही जात. दुरूनच पाहून येईन."

निरंजननं सांगून टाकलं. हप्ते धर्मेंद्रनं भरले नव्हते, एकही नाही. भरले कंपनीनं, आणि त्याच्या नावावर टाकले मी. तुम्हाला तेवढाच आधार वाटतोय असं दिसलं, म्हणून गप्प राहिलो. चुकलं माझं. तो बोलत होता तेवढा वेळ गोदाबाई त्याच्या हातातल्या मोबाइलकडे बघत होत्या.

त्या रडल्या नाहीत. त्या शिव्या देतील असं निरंजनला वाटलं, आणि दिल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं. चार शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो. पण त्यांनी नुसतं सुनेकडे पाहिलं. कविता दारातच खाली बसली होती.

"पहिला मेसेज आला ना भाऊ," ती हळू आवाजात म्हणाली, "त्याच दिवशी आम्ही ठाण्यात गेलो आणि यांच्या हरवण्याची रिपोर्ट वापस घेतली. पोलीस जंगलातल्या नाल्यांमध्ये पाहायला निघालेच होते. आम्हीच त्यांना रस्त्यातून परत बोलावलं."