बेलग्रोव्हची बारावी

"बारा!" डेल्फीने तिसऱ्यांदा मोजलं, तरी बाराच. "क्लेम, क्षेत्ररक्षणाला एक जास्त आहे."

म्हातारा पंच क्लेम प्रायर बेल्स बसवत होता. "बेलग्रोव्हला बाराच असतात, पोरी. चाळीस वर्षं मी इथे बारा मोजतोय आणि खेळ सुरू करतोय. तूही कर."

"आणि ते वर बसलेत, त्यांना काय सांगू?"

पॅव्हेलियनमध्ये परीक्षक वही उघडून बसले होते. पंच म्हणून डेल्फीचा हा पहिलाच सामना. वाईट शेरा पडला की हाच शेवटचा!

क्लेम हळू आवाजात म्हणाला, "१८९३ साली इथे बायकांचा पहिला सामना झाला. बारा जणी आल्या. जास्तीची म्हणून एकीला परत पाठवलं. दलदलीतून घरी निघाली, ती पोचलीच नाही. तेव्हापासून इथे कुणी कुणाला हाकलत नाही."

"वा! आता भुताला एलबीडब्ल्यू पण द्यायचं का?"

बेलग्रोव्हची कर्णधार जॉर्जी धावत आली. "अंपायर, आम्ही अकराच आहोत."

"मग बारावी कोण?"

जॉर्जी बुटांकडे बघत राहिली. "ते विचारायचं नसतं."

झालं! डेल्फीचं डोकं फिरलं. ती खणखणीत ओरडली, "जी जास्तीची आहे, तिने मैदान सोडावं!"

वारा पडला. पाइनच्या झाडांवरची मॅगपाय पाखरं एकदम गप्प झाली. मग पार सीमारेषेवरची एक मुलगी वळली आणि कापडी टोपी कपाळावर ओढून, मान खाली घालून फाटकाबाहेर गेली. तिला कुणी हाक मारली नाही. तिच्याकडे धड बघायलाही कुणी धजत नव्हतं.

डेल्फीने यादी काढून नावं पुकारली. शेवटचं नाव विनीचं. ती याच आठवड्यात संघात आली होती.

"विनी?"

"हो."

अकरा नावं, अकरा आवाज. डेल्फीने क्लेमकडे बघून भुवया उडवल्या. क्लेम हसला नाही.

सामना काय रंगला! जुन्या काळच्या पद्धतीने हात खांद्याखालून आडवा फिरवत विनीने सहा विकेट काढल्या. जॉर्जी तर वेडीच झाली. "अगं, हे शिकलीस कुठे?" विनी हसत चेंडू पुसायला लागली.

बेलग्रोव्ह जिंकलं. परीक्षकांनी डेल्फीशी हात मिळवला. "नियम म्हणजे नियम. शाब्बास!"

डेल्फी तरंगतच फाटकाशी आली. तिथे एक बाई तिची वाट अडवून उभी होती. रागाने लाल झालेली.

"तुम्हीच ना त्या अंपायर? एवढं सांगा, माझ्या मुलीला का हाकललंत? नवीन आहे, तिला वाटलं आपणच जास्तीच्या. सकाळपासून गाडीत बसून रडतेय माझी विनी!"

डेल्फीने वळून पाहिलं.

मैदानाच्या मधोमध पोरी विनीला खांद्यावर घेऊन नाचत होत्या.