एक दशांश सेकंद

मासिकासाठी छोट्या पण वेगवान गाड्यांची चाचणी आम्ही दोघे भाऊ घेतो. मी गाडी चालवतो आणि दादा शेजारी बसून शून्य ते शंभरचा वेळ मोजतो.

गेल्या वर्षीच्याच दोन गाड्या आज त्याच रस्त्यावर पुन्हा पळवल्या, तर दोन्ही एक दशांश सेकंद आधीच शंभरला पोचल्या. टायरमधली हवा, पेट्रोल, यंत्र, सगळं तपासलं. शेवटी वैतागून दोन्ही रिकाम्या गाड्या वजनकाट्यावर चढवल्या, तर वजनही गेल्या वर्षीइतकंच भरलं.

मग माझं लक्ष दादाच्या कमरेच्या पट्ट्याकडे गेलं. त्याला खिळ्याने पाडलेली तीन नवी भोकं होती.

“दादा, तू चढ बघू काट्यावर.”

तो जागचा हलला नाही.


“आईला एवढ्यात सांगू नकोस,” म्हणाला.