माशांची मांडणी

चिरंजीवांनी सहा छोटे फिशटँक घ्यायचे ठरवले आणि मांडणीसाठी वेल्डरला घरीच बोलावले.

"दादा, काच, वाळू, पाणी धरून एकेक टाकी तीस किलोची. मांडणी तसूभरही हलता कामा नये. पाणी हिंदकळलं की मासे बिचारे घाबरतात, खाणं सोडतात."

पलंगावर बसलेल्या आईला लेकाच्या कोवळ्या मनाचे फार कौतुक वाटले. तिच्या पलंगाचा एक पाय तीन वर्षांपासून खिळखिळा होता. कूस बदलली की पलंग डुलायचा, आणि उठताना ती दोनदा पडता पडता वाचली होती. "बघतो गं," म्हणत लेकाने त्यावर उपायही केला होता. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली होती.

आठवड्याभरात मांडणी आली. जाड लोखंडी अँगल, वर भक्कम प्लायवूड, मागून भिंतीत ठोकलेले बोल्ट.

"टाक्या ठेवायच्या आधी कुणाला तरी बसवून बघा," वेल्डर म्हणाला.

"आई, ये गं जरा. तूच बस खालच्या फळीवर."

आई वाकून बसली. चिरंजीवांनी दोन्ही हातांनी मांडणी गदागदा हलवून पाहिली.

"हलतंय का काही?"

"नाही रे राजा. खोटं कशाला बोलू, जराही नाही."

एवढे बोलून आईने पाय वर घेतले, हाताची उशी केली आणि फळीवर छान आडवी झाली.



"मासे आले ना, की त्यांना माझ्या पलंगावर ठेव हो."